भिंतीपलीकडची वाळू

स्वाकोपमुंडच्या सायकल-सफरीच्या दुकानात पाहुण्याने बराच वेळ नकाशा न्याहाळला. समुद्रकाठ नको, मोठ्या टेकड्याही नकोत म्हणाला, आणि दफनभूमीमागच्या लहान लहान उंचवट्यांवर बोट ठेवलं.

"फक्कड निवड," मालक हायको म्हणाला. "आमचा वेकुई नेईल तुम्हाला."

वेकुई म्हणजे मीच. मी हायकोला बाजूला घेतलं. "तिकडे नको, मागेही सांगितलं होतं तुम्हाला."

"वाळूच तर आहे रे. गिऱ्हाइकासमोर तोंड उघडू नकोस."

दात-ओठ खात मी निघालो. दफनभूमीच्या आत गुलाब आहेत, संगमरवरी क्रूस आहेत, जर्मन नावं आहेत. तिथे पाहुणा न सांगता उतरला, हेल्मेट काढून सायकल हातात धरून हळू चालला. "अशा जागी सायकल चालवणं बरं दिसत नाही," मला हलक्या आवाजात म्हणाला.

भिंत संपली तसं त्याने हेल्मेट चढवलं आणि उंचवट्यांवरून सुसाट सुटला. एकावर चढून थांबला, वळून हसला. "धमाल आहे इथे. तू का उतरलास?"

मी मूठभर वाळू उचलली, समोरच्या उंचवट्यावर सोडली आणि मोठ्याने माझं नाव सांगितलं. आम्ही इथले मूळचे हेरेरो लोक आमच्या माणसांपाशी गेलो की आधी हेच करतो.

मग त्याच्याकडे वळलो.

 

"आता तुमचंही नाव सांगा. छातीवर कोण उभं आहे, ते माझ्या खापरपणजीला कळू दे."