भैताड

अमळनेरच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात पोलिसांनी चार हमालांना कापसाच्या गंजीपुढे उभं केलं. समोर झुंबरबाई होती. तिच्या भाकरीच्या टोपलीत, फडक्याखाली, सरकारविरोधी पत्रकं सापडली होती. बेचाळीसचं साल सरत आलं होतं. एका पत्रकालाही तुरुंग होता.

पत्रकं ठेवली होती झिपरूने. झुंबरबाई त्याची बायको. पण हे त्या चौघांनाच ठाऊक. टोळी परगावची, झुंबरबाई सगळ्यांचंच रांधायची, आणि मुकादम पोलीस बघून पळाला होता.

"वाचता येतं का गं?" फौजदाराने विचारलं.

ती नुसती बघत राहिली.

"येडी शे ती, साहेब," मगन म्हणाला.

झिपरूही तिला तेच म्हणायचा. येडी, मठ्ठ, ठोंब. नावाने हाक कधीच नाही. सकाळी तिने सवयीने पाच गड्यांच्या भाकरी थापल्या, तेव्हा तो ओरडला होता, "जीवराम येणार शे का आते? भैताड!"

"नवरा कोण तुझा?"

तिने पदर दातांत धरला.

फौजदार हसला. त्याने या टोळीचं मस्टर मागवलं. "आमची बायकोही नाव घेत नाही. मी एकेक नाव वाचतो, तू माझ्यामागून म्हण. जे तोंडातून निघणार नाही, तो तुझा नवरा."

झिपरूने फाटकाकडे पाहिलं. फाटकाला कुलूप होतं. आपण पुढे व्हावं, असं त्याला वाटलं. पाय उचलला नाही.

"अभिमन."

"अभिमन."

"पुना."

"पुना."

"मगन."

"मगन."

"झिपरू."

झिपरूने डोळे मिटले.

"झिपरू," ती म्हणाली. वासराला हाक मारावी तसं.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्याने डोळे उघडले. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"जीवराम."

ती गप्प.

"म्हण!"

तिने पदर पुढे ओढला, मान खाली घातली आणि रडू लागली.

"सापडला!" फौजदाराने मस्टरवर बोट आपटलं. "पळाला वाटतं. स्टेशनवर माणसं पाठवा. या चौघांना सोडा, हिलाही सोडा." मग तिच्याकडे बघून तो म्हणाला, "कसली बावळट गं तू! स्वतःच नवरा धरून दिलास."

शिपायाने फाटक उघडलं. चौघं बाहेर पडले. चार दिवसांपूर्वी ते याच फाटकातून जीवरामला खांदा देऊन बोरी नदीच्या काठी घेऊन गेले होते.