सुरगाठ

जिन्यावरची कप्तानांची पावलं ऐकू येईनाशी झाली, तशी काकूंनी दाराला आतून कडी घातली आणि चिमटा उचलला.

जेवणाच्या टेबलावर जहाज उभं होतं. म्हणजे टेबल आता जेवणाचं राहिलंच नव्हतं. नवराबायको गेले कित्येक महिने ताटं मांडीवर घेऊन जेवत होते. तीन डोलकाठ्या, त्यांची शिडं, नखाएवढे नांगर, आणि प्रत्येक डोलकाठीवर चढायला दोरांच्या शिड्या. खऱ्या जहाजावर जे असतं ते इथे असलंच पाहिजे, हा कप्तानांचा हट्ट. कप्तान आपलं म्हणायला. माणसाने जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आणि होडीत पाय ठेवला की पोटात ढवळायचं. गल्लीने गमतीत ठेवलेलं नाव, ते मात्र ऐटीत मिरवायचे.

काकूंनी शिडीच्या पहिल्या पायरीला चिमटा लावून हलकेच ओढलं. गाठ सुटली. दुसरी ओढली, तीही सुटली.

"परत सुरगाठी," काकू पुटपुटल्या. "काय म्हणावं या माणसाला."

ओढली की सुटते ती सुरगाठ. बुटाच्या नाडीला ठीक आहे. जहाजाला निरगाठच लागते, हे शिवणकामात हयात गेलेल्या बाईला कुणी सांगायला नको. पुढच्या महिन्यात जहाज प्रदर्शनात जायचं होतं. तिथे कुणी धक्का दिला आणि चारचौघांत शिडं खाली आली, तर माणूस परत हत्यार हातात धरणार नाही, याची काकूंना खात्री होती. म्हणून हा रोजचा चोरटा कारभार. ते फिरायला गेले की त्या गाठी सोडायच्या आणि नव्याने बांधायच्या.

खरं तर हात गेला होता तो काकूंचा. मनगट मोडलं, प्लास्टर निघालं, पण उजव्या हाताची बोटं ताठ ती ताठच. डॉक्टरीणबाईंनी मऊ चेंडू दिला आणि रोज दाबायला सांगितला. नाही दाबलात तर बोटं कायमची आखडतील, हेही बजावलं. काकूंनी दोन दिवस दाबला, कळा सोसवेनात, तेव्हा माळ्यावर भिरकावला.

"मी काय तान्हं बाळ आहे, चेंडू खेळायला?" त्या म्हणाल्या होत्या. मशीनवर झाकण घातलं आणि नवऱ्याला सांगून टाकलं, "माझं शिवण संपलं. परत हा विषय काढायचा नाही."

कप्तानांनी काढला नाही. काकू न्हाणीघरात नळ सोडून पोटभर रडल्या, ते काही त्यांच्या कानावर गेलं नव्हतं.

आणि त्याच सुमारास कप्तानांचे हात कापायला लागले. आधी जाड दोराच्या गाठी बिघडल्या. मग बारीक दोऱ्याच्या. आता तर केसाएवढ्या धाग्याच्या. दुखणं वाढत चाललंय, हे काकूंनी ओळखलं. सकाळचा चहा तेवढा ते अजून काठोकाठ भरून आणायचे, बशीत थेंब नसायचा.

पहिली निरगाठ बांधायला काकूंना अख्खी दुपार लागली होती. डोळ्यांत पाणी आलं, पण सोडली नाही. चेंडू गेला खड्ड्यात, इथे नवऱ्याची अब्रू होती. आता त्या गाणं गुणगुणत एका दमात शिडी संपवत.

संध्याकाळी कप्तान आले आणि टेबलापाशी छाती काढून उभे राहिले.

"ओढून बघ एखादी."

"बघितली. पक्की आहे हो."

"हात अजून तिशीतला आहे म्हटलं."

"आणि डोळे?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय?" असं म्हणत त्यांनी चष्मा शोधायला घेतला. तो त्यांच्याच कपाळावर होता.

काकूंनी हसू गिळलं. मिरवू दे बिचाऱ्याला, त्या मनात म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काकूंची तपासणी होती. "तू हो पुढे, मी शेवटची डोलकाठी संपवतो," कप्तान म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी मूठ मिटायला लावली, उघडायला लावली, मग चिमटीत सुई दिली. काकूंनी पहिल्या फटक्यात दोरा ओवला.

"चेंडूने एवढा गुण आलेला मी पहिल्यांदा बघतेय."

"नेमाने दाबते ना," काकूंनी बिनधास्त ठोकून दिलं.

"मग आता मशीनवरचं झाकण काढा."

घरी येताना काकूंचे पाय जमिनीवर नव्हते. वाटेत त्यांनी सदऱ्याचं निळं कापडही फाडून घेतलं. कप्तानांच्या मापाचा सदरा, प्रदर्शनात घालायला. चकित करायचं म्हणून किल्लीने दार हळूच उघडलं.

कप्तान दाराकडे पाठ करून टेबलाशी बसले होते. चष्मा बाजूला पडला होता. शेवटच्या डोलकाठीची शिडी वरपासून खालपर्यंत बांधून तयार होती, एकूण एक निरगाठ, सगळ्या एका मापाच्या. चिमट्याने ते त्यातली एकेक सोडवत होते आणि तिथे सुरगाठ मारत होते. हात तसूभरही हलत नव्हता.

"ही जरा जास्तच बारीक ठेवू," ते स्वतःशीच म्हणाले. "आता जमेल तिला."