मगरीची कुरकुर

भिंगरीचं डोकं मगरीच्या तोंडात होतं आणि कान डाव्या जबड्याला चिकटला होता.

"आत्या, पुन्हा उघड."

बाहेरून आत्यानं कळ दाबली. जबडा वर जाऊ लागला. कर्रर्र.

"डावी बिजागरी नाहीये. मागून येतंय, मानेतून."

"काल म्हणालीस डावी. परवा म्हणालीस शेपूट," आत्या म्हणाली. "ही मगर आहे का अफवा, रोज नव्या तोंडून ऐकू येणारी?"

आत्या पार्कची मेकॅनिक. गुहेतल्या होडीच्या वाटेवर दोन माकडं, एक घुबड आणि ही मगर, सगळी पत्र्याची, रबराची, स्प्रिंगांची. थोरल्या मालकांनी कागदावर काढली आणि आत्यानं उभी केली. मालक चार वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून पार्क त्यांच्या पत्नीचा. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत, पण चार वर्षांत त्यांनी पार्कात पाऊल ठेवलं नव्हतं.

मंगळवारी त्या येणार होत्या. शेजारच्या नव्या हॉलमध्ये भिंतभर पडदा लागला होता, त्यासमोर हलणाऱ्या खुर्च्या. बाई आधी तिथे बसणार, मग होडीत बसणार आणि दोन्हींतलं एक ठेवणार. पडदा ठेवला तर गुहा बंद आणि मगर भंगारात.

पडदेवाला माणूस तसा गोड बोलायचा. "ताई, राग मानू नका," तो आत्याला म्हणाला होता, "पण तुमच्या मगरीला संधिवात झालाय. माझ्या मगरीला सांधेच नाहीत."

आत्या हसली होती. भिंगरीला ते हसणं अजिबात आवडलं नाही. त्याच दिवशी तिनं कुरकुरीचा पिच्छा धरला. शाळा सुटली की दप्तर माकडाच्या गळ्यात अडकवायचं आणि मगरीत शिरायचं. एकदा प्रश्न डोक्यात घुसला की त्याचं उत्तर मिळेपर्यंत ही पोरगी जेवणसुद्धा अर्धवट सोडते, अशी घरची तक्रार होती.

सोमवारी तिला ती कुरकुर सापडली. मानेत अगदी आत, करंगळीनंच लागेल अशी एक कोरडी कडी.

"हीच ती चेटकीण," भिंगरी आतून ओरडली.

मग तिनं हात राखला नाही. कडीला ग्रीस. दात आपटू नयेत म्हणून मधे नमद्याच्या जाड लोकरी पट्ट्या. हवेची नळी फुसफुसते, तिला रबराची गुंडाळी. आत्यानं कळ दाबली तेव्हा जबडा असा वर गेला, की खुद्द मगरीलाही पत्ता लागला नसेल.

आत्यानं मगरीच्या मानेवरून हात फिरवला. "वीस वर्षं कुरकुरत होती. चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय गं. मी तेल घ्यायला गेले की मालक म्हणायचे, राहू दे, बिचारीला तेवढंच बोलता येतं."

"तेव्हा समोर पडदा नव्हता," भिंगरी म्हणाली. आत्याला ते पटलं.

मंगळवारी बाई आल्या. ताठ, शांत, ड्रायव्हरच्या दंडाला धरून. "बाई, पायरी. अजून एक," तो हळूच म्हणाला.

"गुडघे," आत्या भिंगरीच्या कानात पुटपुटली.

हॉलमधून बाई बाहेर आल्या, तसा पडदेवाला पुढे झाला. "कसं वाटलं, बाई?"

"आवाज फार छान आहे. पाणी अगदी मानेमागून वाहत गेलं."

"आणि चित्र?"

"चित्राचं काय बोलायचं," बाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

पडदेवाल्याचं तोंड उतरलं. भिंगरीला उड्या माराव्याशा वाटल्या. चित्राबद्दल चांगला शब्द नाही, म्हणजे अर्धी लढाई जिंकलीच.

होडीवर भिंगरीच होती. तिनं हात पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. मोठी माणसं, भिंगरीला वाटलं, आणि तिनंच त्यांचा हात धरून त्यांना बसवलं.

गुहेच्या तोंडाशी थोरल्या मालकांच्या हातची पाटी होती: 'होडीत बोलू नये. मगर ऐकते.'

"अजूनही बोलायचं नाही ना?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"बरं," म्हणून बाई हसल्या.

माकडं किचकिचली. बाई पुन्हा हसल्या. घुबड घुमलं, तेव्हा त्यांची मान डोलली. शेवटचं वळण आलं, तशा त्या होडीच्या कडेला धरून पुढे वाकल्या आणि लहान मुलासारखा श्वास रोखून बसल्या.

पिवळा दिवा लागला. मगरीची मान पुढे आली. जबडा उघडला आणि सगळे दात बाईंच्या नाकापासून वीतभर अंतरावर येऊन थांबले. कुठे म्हणून आवाज नाही.

बाईंची पापणीही लवली नाही. मागे सरकणं दूरच. किती गुंगून गेल्यात, भिंगरीच्या मनात आलं, आणि तिचा ऊर भरून आला. बाहेरून आत्यानं हौसेनं पुन्हा एकदा कळ दाबली. मगरीनं पुन्हा आ वासला, पुन्हा मिटला, लोण्यासारखा. बाई तशाच वाकून राहिल्या.

दिवा विझला. होडी पुढे निघाली, तेव्हा बाई हळूहळू मागे टेकल्या.

बाहेर आत्या फडक्याला हात पुसत उभी होती. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. पडदेवालाही आला होता.

"पडदाच ठेवा," बाई म्हणाल्या.

आत्याचं फडकं थांबलं.

"का पण?" भिंगरीच्या तोंडून निघून गेलं. "काय कमी पडलं आमचं?"

बाईंनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली, थोडी जास्तच, भिंगरीच्या खांद्यापलीकडे.

"त्या हॉलमध्ये निदान एक मगर तरी आहे, बाळ," त्या म्हणाल्या. "इथली तुम्ही कधी काढून टाकलीत?"