आबांचा पाट

पंचाहत्तरीच्या पंगतीत घरच्यांनी आबांचा पाट हौसेनं मधोमध मांडला, भोवती रांगोळी काढली. निवृत्त सुभेदाराचा मान मोठाच हवा! पण आबा दोन घास खाऊन उठले. "तऱ्हाच न्यारी यांची," सासूबाई वैतागल्या.

नव्या सुनेला मात्र राहवेना. रोज भिंतीला पाठ लावून जेवणारे आबा आज का उठले? ती स्वतःच त्या पाटावर बसली. पाठीमागं दार सताड उघडं होतं. तिची मान आपसूक वळली.

तिनं पाट भिंतीशी नेला, दाराकडं तोंड करून मांडला आणि आबांना बोलावलं. आबा बसले, पण नजर दारावरच.

ती शेजारी बसली. "आबा, तुम्ही जेवा. दाराकडं मी बघते."

हळूहळू आबांची नजर ताटात उतरली.

"तूप वाढायला सांग," ते म्हणाले. "तू हलू नकोस."