आईला चढता येईल एवढीच

मानपाड्याच्या गॅरेजमध्ये विनीतची पिकअप जॅकवर चढवली होती.

“सस्पेन्शन किती उचलू? दोन इंच की चार?” मेकॅनिक रवींद्रने विचारलं.

“दोनच. रोजची गाडी आहे रे, आईला चढता आलं पाहिजे.”

बाकावर बसलेली आई चहा पीत होती.

रवींद्र गाडीखाली वाकला. “हे ओरखडे बघ. नदीतल्या दगडांवरून काय काढलीय गाडी! मानलं तुला.”

“मी? मी तर फक्त ऑफिसला नेतो. रविवारी आई नेते, तीही भजनी मंडळाच्या बायकांना घेऊन.”

आईने कप खाली ठेवला.

“चारच कर रे रवींद्र. खडवलीची नदी पार करताना मागे ठेवलेला पखवाज भिजतो.”