आधी इंजिन, मग पाणी

इंजिनं चुकीच्या पोटात होती. बसून चालवायच्या रुंद वॉटर स्कूटरमध्ये लहान इंजिन, आणि उभ्याने चालवायच्या अरुंद स्कूटरमध्ये मोठं. उमादेवीने दोन्हींची झाकणं उघडून दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा तेच दिसलं.

“मी आधीच म्हणलो व्हतो,” भुजंगमामा म्हणाले. तीस वर्षं ते उमाच्या वडिलांच्या, अप्पांच्या, हाताखाली पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत आले होते. “मालकाचं ध्यान ऱ्हायलं नव्हतं, अक्का. दोन्ही खोलली, अन् बसवताना अदलाबदल झाली.”

अप्पांना जाऊन बावीस दिवस झाले होते. उदगीर जिल्हा होणार, या आशेवर कुणीतरी गावाबाहेरच्या तलावात बोटिंगसाठी या दोन जुन्या स्कूटर आणून सोडल्या होत्या. जिल्हा झाला नाही. तलाव आटला. दोन उन्हाळे त्या भेगाळलेल्या गाळात पडून होत्या. मग अप्पांनी त्या टेम्पोत घालून दुकानात आणल्या. उद्या सकाळी भंगारवाला त्या न्यायला येणार होता.

उमा गुडघ्यांवर बसली. मोठ्या इंजिनाचे बोल्ट अरुंद स्कूटरच्या भोकांवर येत नव्हते, म्हणून अप्पांनी मधे लोखंडी पट्ट्या घातल्या होत्या. मोजून कापलेल्या, कडा कानशीने घासलेल्या.

“मामा, चुकून बसवलेल्या इंजिनाला कुणी एवढ्या पट्ट्या कापतं का?”

“हाताला सवय असती. हात काम करायलाय, डोकं भलतीकडंच.” त्यांनी भिंतीकडे बोट केलं. “आता हे वाचा.”

भिंतीवर खडूने लिहिलेलं होतं : आधी इंजिन, मग पाणी. बंद करताना आधी पाणी.

“आधी पाणी भर, मग मोटर चालू कर, हे ज्या माणसानं मला कानाखाली वाजवून शिकवलं, त्याचं हे अक्षर हाय.”

उमाने ती ओळ पुन्हा वाचली. फेब्रुवारीत अप्पांचा फोन आला होता. “उमा, या यंत्रात समदं उलटं हाय बघ. ऐक, तुला गंमत सांगतो.” ती लातूरला, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये होती. घरचे सगळेच तेव्हा म्हणत होते, अप्पा विसरतात, काहीबाही बोलतात. तिनेच डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करायला लावली होती. “अप्पा,” ती म्हणाली होती, “डोक्याची गोळी घेतली का?” गंमत न सांगताच अप्पांनी फोन ठेवला होता.

“चालवून बघू,” ती अरुंद स्कूटरला धरून उठत म्हणाली.

“कोरडं? हे इंजिन बाहेरच्या पाण्यानं गार ऱ्हातंय, अक्का. पाणी कुठाय?”

तिची आई, अव्वा, दारात उभी होती. टँकर यायला अजून चार दिवस होते. ती आत गेली आणि कळशी घेऊन आली.

“लातूरला रेल्वेनं पाणी यायलंय, अन् आपण स्कूटरला पाजायलोत,” भुजंगमामा म्हणाले. पण त्यांनी ट्रॅक्टरची बॅटरी लावली, कळशी टेबलावरच्या कॅनमध्ये रिकामी केली, कॅनची नळी इंजिनाला जोडली आणि तीस वर्षांच्या शिरस्त्याने आधी तोटी सोडली. पाणी आत जात राहिलं. उमाने बटण दाबलं. खट् आवाज झाला, पुढे काही नाही.

त्यांनी प्लग काढले. पुन्हा बटण दाबताच प्लगच्या भोकांतून पाणी उसळलं आणि मामांचा सदरा भिजला. ते सदऱ्याकडे बघत राहिले. “गार करायचं पाणी इथं कसं आलं?”

“इंजिन बंद होतं,” उमा सावकाश म्हणाली. “पाणी धुराच्या वाटेने आत शिरलं. बाहेर ढकलायला धूरच नव्हता.” हे आपल्याला कळलंय की नुसतं वाटतंय, ते तिला सांगता आलं नसतं.

अव्वाने दुसरी कळशी आणून ठेवली. “आता पिण्यापुरतंच ऱ्हायलंय.”

भुजंगमामांनी आतलं पाणी काढलं, प्लग पुसून बसवले. कॅन भरला. सवयीने त्यांचा हात तोटीवर गेला.

“थांबा. आधी इंजिन.”

“जळंल, अक्का.”

“जळू दे.”

तिसऱ्या खेपेला इंजिन सुरू झालं. छपराचे पत्रे थरथरले.

“आता!”

मामांनी तोटी सोडली. जरा वेळ नुसता धूर. मग स्कूटरच्या कुशीतल्या एका बारीक भोकातून पाण्याची धार निघाली, करंगळीएवढी, सरळ. अव्वाने झटकन रिकामी कळशी तिच्याखाली धरली.

भुजंगमामा मागे सरले आणि रुंद स्कूटरच्या खाली वाकले. तळावरून हात फिरवताना त्यांची बोटं अडकली. “फुटलीय!” ते इंजिनाच्या वरताण ओरडले. “हिचा तळ पार फुटलाय. एकच पाण्यात जाण्याजोगी व्हती, अक्का. जी धड व्हती तिला मालकानं मोठं इंजिन दिलं.”

“मग हिच्यात लहान इंजिन कशाला बसवलं?”

मामांनी ओल्या सदऱ्याने तोंड पुसलं. “मालकाला कुठलीच मशीन रिकामी ठिवलेली बघवायची न्हाई.”

उमा अव्वाच्या कानाशी वाकली. “अव्वा, अप्पा ती गोळी घेत होते?”

“रोज.” धार चुकू नये म्हणून अव्वाची नजर कळशीवरच होती. “तू म्हणलीस म्हणून.”

कॅन रिकामा होत आला होता. उमाने आधी तोटी बंद केली. मग इंजिन.