धुतलेलं निशाण

धनीबाईनं ओढणीखालची घडी काढून कचेरीतल्या टेबलावर ठेवली. दंडावर उतरवलेल्या चुड्यांचे फिके वळ होते.

"घ्या बाबूजी, सरकारचं निशाण. धुतलं, सांधलं."

दीनानाथ कारकुनाचा टाक दौतीतच राहिला.

मुकुटबनच्या रस्त्याची खडी जिथून निघत होती, त्या खदानीत आठ दिवसांआधी सुरुंगाचा दगड लागून तिचा नवरा हरिसिंग गेला. सुरुंगाआधी लाल निशाण घेऊन वाटेवर उभं राहायचं, माणसं-गुरं अडवायची, हे त्याचं काम. मुकादमानं लिहून दिलं होतं की तो निशाण टाकून बिडी ओढायला गेला होता. तसं असेल तर चूक त्याची. निशाण धरून उभा असताना गेला असेल तर जबाबदारी सरकारची, आणि बायकोला भरपाई. बाकी सारे तेव्हा टेकडीमागं बसले होते. त्याचा भाऊ डोंगरसिंग सगळ्यांआधी त्याच्याकडं धावला, पण घरच्या माणसाचा शब्द चालत नव्हता. म्हणून दीनानाथनं तांड्यावर निरोप धाडला होता, निशाण घेऊन या.

त्यानं घडी उलगडली. कापड स्वच्छ होतं. मधोमध गडद लाल ठिगळ, भोवती पांढऱ्या दोऱ्याचे बारीक टाके.

"रक्त होतं ना याच्यावर?"

"व्हतं. तीन पाणी केले. राखेनं घासलं तवा गेलं."

"आणि हे भोक?"

"दगड आरपार गेलता. माह्या घागऱ्याचा तुकडा लावला."

दारातून डोंगरसिंग बोलला, "मी म्हणलं व्हतं भाभी, जसं हाय तसं राहू दे."

"तू गप. तू तं मांगून आणलेला बैलही न धुता वापस करतं."

दीनानाथ हळू बोलला, "बाई, मले ते रक्तच पाहिजे होतं. साहेबाले दाखवलं असतं, की निशाण त्याच्या हाती होतं."

तिनं ठिगळाच्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

"निरोप आला, सरकार निशाण मांगते. सरकारची वस्तू फाटकी कशी देऊ?"

"हो. मी तेवढाच निरोप दिला."

त्यानं फॉर्म पुढं ओढला. त्यावर अजून जुन्या मुंबई राज्याचं नाव छापलेलं होतं. डाक दुपारी यवतमाळला जायची होती. 'पुरावा' या शब्दापुढं त्यानं 'नाही' लिहिलं आणि टाक पुसून ठेवला.

तेवढ्यात खदानीवरचा माणूस आला. तीन वाजता सुरुंग होता आणि निशाण नव्हतं. दीनानाथनं घडी त्याच्यापुढं केली. त्यानं ती घेतली आणि डोंगरसिंगच्या हाती दिली. हरिसिंगच्या जागी आता तोच उभा राहत होता.

धनीबाई उठली. तिनं दिराच्या हातातलं निशाण नीट केलं आणि त्याची बोटं एकेक करून त्यावर मिटवली.

"असं धर," ती म्हणाली. "त्याची मूठ उघडायले दोघं लागले व्हते."

डोंगरसिंग निघाला. दीनानाथ खिडकीशी उभा राहिला. वाटेच्या वळणापर्यंत ते पांढरे टाके दिसत होते.